सांगणाऱ्याची परीक्षा

पेणच्या बाजारात रस्त्याकडेला टांगलेल्या टी-शर्टांमध्ये एक काळा टी-शर्ट हमखास असतो. छातीवर एकाखाली एक वळवळत गेलेल्या पांढऱ्या रेघा, अक्षर एकही नाही. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ सालच्या ‘अननोन प्लेझर्स’ या रेकॉर्डचं ते मुखपृष्ठ. रेघा आहेत १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांच्या. अशाच पल्सारांचा माग आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना लावून घेतला जातो. म्हणजे तो टी-शर्ट घालणारा मुलगा नकळत बरंच काही अंगावर वागवत असतो. मग त्याला कोणीतरी जाणकार भेटतो आणि म्हणतो, “या बँडची तीन गाणी सांग बघू.” मुलगा ओशाळतो. पुढच्या वेळी तो टी-शर्ट घालत नाही, आणि गाणी ऐकायची तर राहूनच जातात.

हातातली ही वही त्या प्रश्नाचा राग येऊन तयार झाली आहे. डोलवी, गडब, वडखळ, पेण आणि खाली रोह्यापर्यंत विखुरलेल्या काही मित्रमैत्रिणींनी ती एकमेकांसाठी लिहायला घेतली आणि आता अनोळखी माणसांसाठी झेरॉक्स काढली. त्यात पंक आणि त्याच्या आगेमागे ज्याला ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणतात त्या संगीताच्या शिफारशी आहेत. कोणती रेकॉर्ड आधी ऐकावी, कोणती नंतर, आणि का. लिहिणाऱ्यांपैकी काही कारखान्यात पाळीवर जातात, काही अजून कॉलेजात आहेत. यादीला प्रस्तावना कशाला, असं मी विचारलं. गाण्यांबद्दल आम्ही लिहिलंय, तुम्ही नवख्या माणसाशी बोला, असं उत्तर आलं. तेव्हा हे बोलणं त्याच्याशीच. ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनी सरळ यादीकडे जावं.

आधी मोजकी माहिती. न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडची पहिली रेकॉर्ड एप्रिल १९७६ मध्ये निघाली: १४ गाणी, सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटं. त्या काळातले मोठे रॉक बँड एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटं गिटारची कसरत करत होते. या चौघांनी ती सगळी छाटून टाकली. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने रमोन्स ऐकून घरच्या घरी ‘स्निफिन ग्लू’ नावाचं पत्रक टाइप केलं, फोटोकॉपी काढल्या आणि वाटल्या. खाडाखोड तशीच ठेवून. पुढच्या जानेवारीत ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्या अशाच पत्रकात गिटारच्या तीन कॉर्डची चित्रं छापून आली आणि खाली सल्ला होता की एवढं जमलं की बँड काढा. हे चित्र अनेक जण ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर खपवतात. ते चूक आहे, पण पंकची खरी गोम त्या चित्रातच आहे. दारावर कुलूप नाही, आत यायला विद्वत्ता लागत नाही. ज्या संगीताने सुरुवातच अशी केली त्याच्या चाहत्यांनी दारात उभं राहून तीन गाण्यांची परीक्षा घ्यावी, याइतकं विसंगत दुसरं काही नाही.

ऑल्टरनेटिव्हची गोष्ट लांब आणि थोडी कंटाळवाणी आहे. ऐंशीच्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, कॉलेजच्या रेडिओवर वाढलेले अमेरिकन बँड, त्यांच्या शेजारी ब्रिटिश बँड, आणि मग २४ सप्टेंबर १९९१ रोजी निघालेली निर्वाणा या बँडची ‘नेव्हरमाइंड’. तिच्यामुळे बाहेरचं एकदम आत आलं. त्याच वर्षी आपल्याकडे उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर एमटीव्ही. आपल्या भागातल्या एका पिढीने हे संगीत प्रथम पाहिलं ते शेजाऱ्याच्या टीव्हीवर, आवाज बारीक करून.

आता डोलवीबद्दल, कारण ही वही इथे तयार होणं मला मुळीच विचित्र वाटत नाही. धरमतरच्या खाडीकाठी, मुंबई-गोवा महामार्गाला लागून पोलादाचा कारखाना आहे. आधी इस्पातचा होता, २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला, आणि आता त्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांची आहे. रात्री वडखळच्या बाजूने येताना आभाळ तांबूस दिसतं. ज्या संगीताची ही यादी आहे त्यातलं निम्मं अशाच गावांतून आलेलं आहे. इंग्लंडमधलं शेफील्ड पोलादाचं शहर. तिथे १९७३ साली कॅबरे व्होल्तेअर हा बँड निघाला, ज्याने टेपचे तुकडे, यंत्रांचे आवाज आणि गोंगाट यांतून गाणी केली. पाठोपाठ ह्यूमन लीग आला. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कारखान्यातल्या घणांचे ठोके ऐकू यायचे, हे तिथल्या वादकांनी पुढे वारंवार सांगितलं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या भट्ट्यांच्या परिसरातून १९७५ साली पेरे उबू आला. जवळच्या अक्रनमध्ये टायरचे कारखाने होते, तिथून डिव्हो. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांना लावल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज घडला. तो पंक नव्हे, पण त्याच्यावाचून ही यादी अर्धी झाली असती.

कारखाना असला की गाणं होतंच असं नाही. भिलाई, राउरकेला, जमशेदपूर यांनी शेफील्डसारखं काही जगाला ऐकवल्याचं माझ्या कानावर नाही. पाळीवरून सुटलेला मुलगा हातात काय घेतो, त्याला ते घ्यायला कोण सांगतं आणि ते स्वस्तात मिळतं का, यावर ते ठरतं. सांगणारा माणूस मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट कानांची. नवख्याला वाटतं की आपला कान या संगीतासाठी तयार नाही. आपल्याकडच्या माणसाने तरी असं म्हणू नये. आगरी लग्नात हळदीपासून विधी पुढे नेणारी धवलारीण ऐकलीत ना? मांडवभर पोचणारा उघडा, कुठेही गोड करून न घेतलेला आवाज. ज्याने तो ऐकला आहे त्याला द स्लिट्स किंवा बिकिनी किल यांसारख्या, बायका गातात त्या बँडांचा आवाज ‘ओरडणं’ वाटायचं कारण नाही. हळदीच्या रात्री वाजणारी बेंजो पार्टी घ्या. त्या बेंजोचं मूळ बुलबुलतरंग, त्याला पिकअप लावून, अॅम्प्लिफायर पार वरपर्यंत फिरवून वाजवतात, आणि तारेचा आवाज फाटतो. फाटलेला आवाज हवाच असतो, त्याशिवाय अंगात येत नाही. गिटारवर तोच परिणाम आणायला परदेशातली मुलं पेडल विकत घेतात. आपण तो फुकट ऐकत वाढलो आणि वर इंग्रजी गाण्यात तो आला की कान झाकतो.

या भागात हे संगीत कोणत्या वाटेने आलं हेही सांगायला हवं. जुन्या लोकांची वाट समुद्राची. मांडव्याहून लाँचने गेटवे, आणि गेटवेपासून चालत काळा घोडा, तिथे ऱ्हिदम हाऊस. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं हे दुकान २०१६ साली बंद झालं. तिथे आधी ऐकून मग घेता यायचं, आणि काउंटरवरचा माणूस तुमच्या हातातली कॅसेट बघून दुसरी सुचवायचा. आमच्या ओळखीतला एक जण कॅसेट आणायचा, आणि मग कोरी कॅसेट घेऊन त्याच्या दारात रांग. कॅसेट भरून देणं हा तेव्हा मैत्रीचा व्यवहार होता. ६० मिनिटांची कॅसेट, दोन बाजू, बाजू संपताना गाणं अर्धवट तुटू नये म्हणून घड्याळ लावून केलेली बेरीज. भरून देणाऱ्याला तुमचा विचार करावाच लागायचा. नंतर नाक्यावरचे मोबाइलवाले आले. मेमरी कार्ड द्यायचं आणि पैसे मोजले की गाणी भरून मिळायची. कोळीगीतं, डीजे, भजनं आणि एक ‘इंग्लिश’ नावाचा फोल्डर, ज्यात कुणाचं काहीही असायचं. त्या फोल्डरात ग्रीन डे सापडल्यामुळे या वहीतली एक लेखिका इथवर पोचली आहे. आता लिंक येते. लिंक पाठवायला काही लागत नाही, म्हणून ती उघडायलाही कुणाला काही वाटत नाही. चाळीस लिंका पाठवणारा मित्र आणि एक कॅसेट भरून देणारा मित्र यांतला फरक मी वेगळा सांगायला नको.

मुंबईत याचं एक छोटं जग होतं आणि आहे. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉकचा महोत्सव भरवला. पुढे आवाजाच्या नियमांमुळे आणि शांतता क्षेत्रामुळे रंगभवनचे कार्यक्रम थांबले. अमित सैगल यांनी १९९३ साली अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं. मुंबई-दिल्लीबाहेरच्या मुलांना आपण एकटे नाही हे त्यातून कळलं. पंक म्हणून मुंबईने दिलेले बँड थोडे: ट्रिपवायर, द रायट पेडलर्स, द लाइटइअर्स एक्सप्लोड. कंट्रोल ऑल्ट डिलीट नावाने काही जणांनी प्रेक्षकांकडूनच वर्गणी जमवून, ज्याला जेवढं परवडेल तेवढं द्या म्हणत कार्यक्रम केले. हे मला त्या बँडांच्या गाण्यांइतकंच मोलाचं वाटतं. पण हे जग बहुतेक इंग्रजी माध्यमाचं आणि पश्चिम उपनगरांतलं राहिलं, हेही खरं. पेणहून गेलेला मुलगा तिथे कोपऱ्यात उभा राहायचा आणि शेवटची गाडी गाठायला अर्ध्यात निघायचा.

जाणकारीचा पहारा हा काही इंग्रजी संगीताचाच रोग नाही. आपल्याकडे उस्तादांनी बंदिशी मुलाबाळांपलीकडे जाऊ दिल्या नाहीत. पंडित भातखंडे गावोगाव फिरले, मिनतवाऱ्या करून त्या गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून मोकळे झाले. छापलं की गाण्यातला जीव जातो, अशी ओरड झालीच. थोडा गेलाही असेल. पण ज्याचा कोणी उस्ताद नव्हता त्याच्या हातात काहीतरी आलं.

या वहीच्या जवळचे मराठी पूर्वज मात्र संगीतातले नाहीत. ते लघुनियतकालिकांतले आहेत. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी ‘शब्द’ काढलं तेव्हा ते सायक्लोस्टाइल केलेलं होतं. साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’. थोड्या प्रती, ओळखीतून वाटप, प्रस्थापितांना कोपरापासून नमस्कार. लंडनच्या मार्क पेरीने जे १९७६ साली केलं ते मुंबईतल्या मुलांनी वीसेक वर्षं आधी केलेलं होतं, फक्त गिटारऐवजी कवितेसाठी. कोलटकरांनी पुढे इंग्रजी गाणी लिहून ती ध्वनिमुद्रित करून पाहिली, अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, आणि बळवंतबुवा या भजनी गायकाशी त्यांची घट्ट मैत्री होती. रॉक आणि भजन एकाच कानात राहतात की नाही, असा प्रश्न या वहीच्या तरुण लेखकांना अधूनमधून पडलेला दिसतो. त्यांनी कोलटकरांकडे बघावं.

इथे एक भांडण नोंदवतो. पहिल्या खर्ड्यात एका पानावर ‘तुकाराम हा पहिला पंक’ असं वाक्य होतं. ते मी काढायला लावलं. असली वाक्यं टाळ्या घेतात आणि दोन्ही बाजूंचं नुकसान करतात. तुकोबांना पंकच्या शिफारशीची गरज नाही, आणि पंक समजायला तुकोबांना तारण ठेवायची गरज नाही. शाहिरांबद्दलही हेच. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, पुढे संभाजी भगत: या परंपरेचं पंकशी साधनांचं नातं आहे. डफ, तुणतुणं, उघडा रस्ता, तिकीट नाही. पण शाहीर चळवळीचा असतो, त्याच्या मागे संघटना असते, शब्द आधी नि चाल नंतर. पंक बहुतेक वेळा कुणाचाच नसतो, समोरच्या श्रोत्यांचाही नसतो, आणि कैकदा त्याला काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं. नको काय ते मात्र ठाऊक असतं. ‘नको’ म्हणणं आपल्या रायगड जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून जमिनी पडीक ठेवल्या, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं. पण त्या नकारामागे भात होतं, खाजण होतं, पोट होतं. सतराव्या वर्षी खोलीत बसून सगळ्या जगाला दिलेला नकार वेगळा. त्याचीही गरज असते, एवढंच माझं म्हणणं.

यादीबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, ती सेक्स पिस्टल्सपासून सुरू होते. इतिहास म्हणून ते ठीक, पण नवख्यासाठी नाही. ‘नेव्हर माइंड द बॉलक्स’ ऐकताना त्या रेकॉर्डभोवतीचा १९७७ चा गदारोळ माहीत नसेल तर हाताला फक्त खेकसणं लागतं. मी एक्स-रे स्पेक्सच्या १९७८ सालच्या ‘जर्मफ्री अॅडोलेसंट्स’पासून सुरुवात करीन. गाणारी पॉली स्टायरीन, बाप सोमाली, आई गोरी, दातांना तारा, आवाज धवलारणीच्या घराण्यातला. विषय प्लास्टिक, जाहिराती, दुकानं. आणि शेजारी सॅक्सोफोन, जो लग्नाच्या बँडवर वाढलेल्या कानाला पहिल्या मिनिटात ओळख देतो. ही बाई पुढे हरे कृष्ण पंथात गेली, हे आमच्या भजनी मंडळींना सांगायला उपयोगी पडतं.

दुसरी तक्रार, यादीत आपल्यासारख्या रंगाचे लोक कमी आहेत. एलियन कल्चर या लंडनच्या बँडचं नाव मी आग्रहाने घालायला लावलं. परक्या संस्कृतीचे लोक देश बुडवतील अशी भीती ब्रिटनमध्ये आहे, असं मार्गारेट थॅचर १९७८ च्या जानेवारीत टीव्हीवर म्हणाल्या. पुढच्या वर्षी तीन पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी एका गोऱ्या मित्रासह तेच बँडचं नाव करून टाकलं. एकच रेकॉर्ड निघाली, दोनेक वर्षांत बँड संपला. आणि आपल्याकडचं स्वदेसी: मराठीसह अनेक भाषांत रॅप करणारी ही मुंबईची मंडळी. आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन त्यांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. रॅप म्हणजे पंक नव्हे, असं वहीतल्या एकाचं म्हणणं पडलं. गिटार नाही हे कबूल. पण आदिवासी पाड्यातला माणूस आणि उपनगरातली मुलं एका गाण्यात उभी राहतात, आणि कुणी कुणाला तीन गाणी विचारत नाही. मी बहुमताने जिंकलो.

बाकी वही चांगली आहे, आणि चांगली असण्याचं कारण तिच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक शिफारशीखाली ‘हे कुणासाठी’ अशी एक ओळ आहे. रात्रपाळीहून आल्यावर. घरच्यांशी भांडण झाल्यावर. इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणून लाज वाटत असेल तर. वायरची ‘पिंक फ्लॅग’ सुचवताना लिहिलंय की ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत, त्यामुळे एखादं नाही आवडलं तरी ते संपलेलंच असेल. फुगाझीबद्दल लिहिताना त्यांच्या गाण्यांच्या आधी हे सांगितलंय की ते कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवत आणि कोणत्याही वयाच्या मुलाला आत घेत. यातलं काही समीक्षेच्या पुस्तकात बसणार नाही. पण गाणं सुचवताना गाण्याइतकंच ऐकणाऱ्याकडे पाहिलेलं आहे. शिफारस फसली तर सुचवणाऱ्याचा अंदाज चुकला. ऐकणाऱ्याचा कान कच्चा, असा निष्कर्ष या वहीत कुठेही काढलेला नाही.

वापरण्याबद्दल दोन शब्द. क्रमाने ऐकायची सक्ती नाही. शब्द कळले नाहीत तरी पहिल्यांदा शोधू नका, दुसऱ्यांदा शोधा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत तर ढोबळ आवाज तेवढा पोचेल, खालचा बास जाईल, आणि जॉय डिव्हिजनचं अर्धं गाणं बासमध्ये आहे. कुणाचा तरी हेडफोन मागून घ्या. टी-शर्ट आधी घेतला असेल तर बिनधास्त घाला.

सुरुवात ‘जर्मफ्री अॅडोलेसंट्स’पासून करा. नाही आवडली, तर ज्याने ही वही तुमच्या हातात ठेवली त्याला तसं तोंडावर सांगा. दुसरं काहीतरी शोधून देणं हे त्याचं काम आहे.